आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च, १८६५ – २६ फेब्रुवारी, १८८७) या परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक आणि पहिल्या मराठी महिला डॉक्टर होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून त्यांनी १८८६ साली एम.डी. ही पदवी घेतली. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याच्या आतच, वयाची बावीस वर्षे भरण्यापूर्वी, क्षयरोगाने पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूर संस्थानाने त्यांना दिलेल्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

आनंदीबाईंच्या शिक्षणाची वर्षे वैद्यकाच्या इतिहासातही महत्त्वाची आहेत. क्षयरोगाचा जंतू १८८२ साली ओळखला गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. मात्र या रोगावर परिणामकारक औषध मिळण्यास आणखी सहा दशके जावी लागली.

जन्म व बालपण

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ३१ मार्च, १८६५ रोजी पुण्यात आजोळी झाला. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे राहणारे होते. घराण्याकडे जमीनजुमला होता, पण यमुनेच्या बालपणापर्यंत त्याची बरीच उतरती कळा लागली होती. आईचे नाव गंगाबाई. यमुनेचे बालपण मुख्यतः कल्याणच्या वाड्यात गेले.

त्या काळी ब्राह्मण कुटुंबांत मुलींना लिहावाचायला शिकवण्याची रीत नव्हती. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू केली होती. तरीही उच्चवर्णीय घरांत शिकलेल्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाई. यमुनेला वडिलांनी अक्षरओळख करून दिली आणि थोडे शिक्षण घरीच मिळू दिले.

विवाह

वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचा विवाह गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. ते विधुर होते आणि वयाने पत्नीपेक्षा बरेच मोठे होते. पत्नीला शिकवण्याची मुभा असावी, ही अट त्यांनी लग्नापूर्वीच घातली होती. लग्नानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळराव हे विक्षिप्त स्वभावाचे, पण स्त्रीशिक्षणाविषयी कमालीचे आग्रही गृहस्थ होते. पत्नीने अभ्यास टाळलेला त्यांना खपत नसे. या आग्रहापायी त्यांनी केलेल्या मारहाणीचे आणि कठोर बोलण्याचे उल्लेख आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच लिहिलेल्या पत्रांत आले आहेत. त्याचबरोबर आपल्या शिक्षणाचे श्रेयही त्यांनी पतीला दिलेले दिसते. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय या दांपत्याचे नाते समजत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे हे कुटुंब अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे कलकत्ता अशा ठिकाणी राहिले. शाळेत जाणाऱ्या विवाहित ब्राह्मण मुलीची रस्त्यात टिंगल होई, तरी आनंदीबाईंनी मराठीबरोबर इंग्रजी आणि संस्कृतचाही अभ्यास केला.

अपत्याचा मृत्यू आणि वैद्यकाचा निर्णय

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, असे त्यांना वाटे. या घटनेने त्यांच्या मनात डॉक्टर होण्याची इच्छा निर्माण केली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या दुःखामागे त्या काळातील एक व्यापक अडचण होती. पुरुष डॉक्टरकडून शरीराची तपासणी करून घेण्यास बहुतेक हिंदू आणि मुसलमान स्त्रिया तयार नसत. बाळंतपण सुईणीच्या हाती असे. परिणामी, शहरात दवाखाना असला तरी त्याचा उपयोग स्त्रियांना फारसा होत नसे. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले होते आणि भायरामजी जीजीभाय वैद्यकीय शाळा १८७८ साली स्थापन झाली होती. पण स्त्री रुग्णाला विनासंकोच तपासू शकेल अशी भारतीय स्त्री डॉक्टर तेथे नव्हती.

देशात याच सुमारास बदलाची चिन्हे दिसू लागली होती. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश दिला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दरवाजे १८८३ साली उघडले. लेडी डफरिन यांचा स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवणारा निधी १८८५ साली उभा राहिला आणि मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. आनंदीबाईंनी निर्णय घेतला तेव्हा यांपैकी बहुतेक गोष्टी अजून व्हायच्या होत्या.

अमेरिकेशी संपर्क

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी कोल्हापुरात अनेक वर्षे काम केले होते आणि आता ते अमेरिकेत एक मिशनरी नियतकालिक चालवत होते. त्यांनी धर्मांतराची सूचना करणारे उत्तर दिले आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. जोशी दांपत्याने धर्मांतर करण्यास नकार दिला.

न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी हा मजकूर योगायोगाने वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले आणि दोघींमध्ये दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. हिंदू सण, चालीरीती, बालविवाह, आहार, आजारपणे अशा अनेक विषयांवर त्यांनी कार्पेंटरबाईंना लिहिले. ही पत्रे आज त्यांच्या चरित्राचे महत्त्वाचे साधन मानली जातात.

बंगालमधील वास्तव्यातच आनंदीबाईंची प्रकृती खालावू लागली होती. डोकेदुखी, वारंवार येणारा ताप आणि अशक्तपणा यांनी त्या त्रस्त असत. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठवली, पण फारसा गुण आला नाही. ही लक्षणे पुढच्या क्षयाची सुरुवात होती की त्या भागातील हिवतापासारख्या आजाराची, हे आज निश्चित सांगता येत नाही.

श्रीरामपूर येथील भाषण

गोपाळरावांची बदली बंगालमधील श्रीरामपूर येथे झाली होती. पत्नीला एकटीलाच अमेरिकेस पाठवण्याचे त्यांनी ठरवले, तेव्हा हिंदू समाजात तसेच मिशनरी वर्तुळातही टीका झाली. समुद्रगमन हा धर्मभंग मानला जाई, आणि तेही विवाहित स्त्रीने पतीशिवाय करणे ही अभूतपूर्व गोष्ट होती.

या टीकेला उत्तर म्हणून आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण का जात आहोत, भारतात शिकण्याची सोय का पुरेशी नाही, एकटीने का जावे लागते आणि समाजाने वाळीत टाकल्यास काय, अशा प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी स्पष्ट केले. भाषणाच्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. या भाषणाचे वृत्त दूरवर पोहोचले आणि त्यांच्या प्रवासासाठी मदत येऊ लागली.

प्रवास आणि महाविद्यालयीन शिक्षण

दिनांक ७ एप्रिल, १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबत ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून, १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळ्याचे महिने त्यांनी रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात घालवले.

त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांनी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकशास्त्राची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक होती. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंची परिस्थिती लक्षात घेऊन त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली. याच काळात जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या सबात इस्लामबुली या महाविद्यालयात शिकत होत्या. आपापल्या देशाच्या पोशाखातील या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

अमेरिकेतही आनंदीबाई शाकाहारी राहिल्या आणि नऊवारी लुगडे नेसत राहिल्या. थंडीत पाय उघडे पडू नयेत म्हणून पुढे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. कडाक्याची थंडी, अपुरा आहार, धुराने भरणारी खोली आणि अभ्यासाचा ताण यांचा त्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. खोकला, ताप आणि थकवा वाढत गेला. तरी त्यांनी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला.

प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या पदवी प्रबंधाचा विषय होता. गर्भारपण, बाळंतपण आणि नवजात अर्भकाची काळजी यांविषयीचे प्राचीन भारतीय ग्रंथांतील विचार त्यांनी त्यात मांडले. स्वतःचे पहिले मूल गमावलेल्या विद्यार्थिनीने हाच विषय निवडावा, याकडे चरित्रकारांनी लक्ष वेधले आहे.

दिनांक ११ मार्च, १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. गोपाळराव त्यासाठी अमेरिकेत आले होते. पंडिता रमाबाई याही इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंचा आनंदीबाईंशी नात्याचा संबंध होता, आणि भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढच्याच काळात प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंच्या यशाचे वृत्त बॉडली यांनी व्हिक्टोरिया राणीला कळवले होते व राणीकडून त्याची दखल घेणारा संदेश आला.

कोल्हापूरची नेमणूक आणि स्वदेशी परतणे

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात डॉक्टर म्हणून नेमले. स्त्री रुग्णांवर उपचार करणे आणि काही मुलींना वैद्यकीय शिक्षण देणे असे कामाचे स्वरूप ठरले होते. ज्या कोल्हापुरात आठ वर्षांपूर्वी त्यांच्या शिक्षणासाठी पहिले पत्र लिहिले गेले होते, तेथेच त्यांना डॉक्टर म्हणून जायचे होते.

परंतु तोवर आजार बळावला होता. अमेरिकेतील काही महिने उपचारांत गेले आणि ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या पतीसह परतीच्या प्रवासाला निघाल्या. प्रवासात प्रकृती आणखी खालावली. दिनांक १६ नोव्हेंबर, १८८६ रोजी त्या मुंबई बंदरात उतरल्या. त्यांचे स्वागत करण्यासाठी लोक जमले होते. मात्र उतरलेली व्यक्ती गंभीर आजारी होती.

पुण्यातील अखेरचे दिवस

मुंबई व कल्याण येथे काही काळ राहिल्यानंतर हवापालट आणि उपचारांसाठी आनंदीबाईंना पुण्यात आजोळी आणण्यात आले. आई आणि जवळचे नातलग त्यांच्या शुश्रूषेला होते.

पाश्चात्त्य डॉक्टरांनी आणि देशी वैद्यांनी, दोघांनीही त्यांच्यावर उपचार केले. परदेशगमन केलेल्या स्त्रीवर औषधोपचार करावेत की नाही, याविषयी काही वैद्यांच्या मनात किंतु होता, असेही चरित्रग्रंथांत म्हटले आहे. पाश्चात्त्य पदवी घेतलेल्या डॉक्टरने आयुर्वेदिक उपचार स्वीकारणे विसंगत वाटू शकते. परंतु त्या वेळी क्षयावर दोन्ही पद्धतींकडे निश्चित उपाय नव्हता. बाळ गंगाधर टिळक यांनी पत्र लिहून त्यांच्या कार्याविषयी आदर व्यक्त केला आणि उपचारांसाठी पैसे पाठवले.

दिनांक २६ फेब्रुवारी, १८८७ रोजी रात्री आनंदीबाईंचे निधन झाले. मायदेशी परतल्याला अवघे साडेतीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या अंत्यविधीस पुण्यातील सनातनी मंडळी विरोध करतील अशी भीती होती, पण तसे झाले नाही. शहरात मोठी हळहळ व्यक्त झाली आणि वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवण्यात आल्या असून तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे.

तत्कालीन क्षयरोग आणि वैद्यकाच्या मर्यादा

भारतात क्षयरोग फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. आयुर्वेदात त्यास राजयक्ष्मा म्हटले आहे. पुण्याच्या इतिहासातही या रोगाची खूण ठळक आहे: थोरले माधवराव पेशवे यांचा १८ नोव्हेंबर, १७७२ रोजी थेऊर येथे क्षयानेच मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही हा रोग अनुवंशिक आहे, किंवा नाजूक प्रकृतीचा परिणाम आहे, असे अनेक डॉक्टर मानत. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च, १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि रोग संसर्गजन्य असल्याचे सिद्ध केले. त्यापाठोपाठ पॉल एर्लिख, फ्रान्झ त्सील आणि फ्रीडरिख नील्सन यांच्या प्रयत्नांतून जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत विकसित झाली. या जंतूच्या आवरणात मेणासारखे स्निग्ध पदार्थ असतात. त्यामुळे एकदा चढलेला रंग आम्लाने धुतला तरी जात नाही. म्हणून अशा जंतूंना आम्लरोधी जंतू म्हणतात.

आनंदीबाई विद्यार्थिनी असताना हे ज्ञान अगदी नवे होते आणि सर्व डॉक्टरांनी ते स्वीकारलेही नव्हते. रोगाचे कारण कळले, पण उपाय सापडला नव्हता. पौष्टिक आहार, विश्रांती, मोकळी हवा आणि हवापालट एवढेच डॉक्टर सुचवू शकत. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, म्हणजे छातीतील रोग बाहेरून पाहण्याची सोयही त्यांच्या हयातीत नव्हती. भारतातील पहिले क्षयरोग आरोग्यधाम अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ साली निघाले. बीसीजी लस प्रथम १९२१ साली माणसाला देण्यात आली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली वेगळे करण्यात आले आणि आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आले. आज क्षयरोग साधारणपणे सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बरा होऊ शकतो.

क्षयाच्या जंतूचे पर्यावरणातील नातलग

आनंदीबाईंच्या रोगाचे निदान त्या काळच्या रीतीप्रमाणे लक्षणांवरून झाले. दीर्घ खोकला, ताप, वजन घटणे आणि क्षीणता ही लक्षणे क्षयाची म्हणून ओळखली जात. त्यांचे आयुष्य, राहणी आणि आजाराचा क्रम पाहता क्षयरोग हेच निदान सर्वमान्य आहे. मात्र अशीच लक्षणे निर्माण करणारे इतर जंतूही असू शकतात, याची जाणीव वैद्यकाला फार नंतर झाली.

क्षयाचा जंतू मायकोबॅक्टेरियम या प्रजातीतील आहे. कुष्ठरोगाचा जंतूही याच प्रजातीतला. तो नॉर्वेचे डॉक्टर आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला. या दोघांखेरीज प्रजातीत दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक माती, नद्या, तळी, नळाचे पाणी आणि धूळ यांत राहतात. त्यांना क्षयेतर किंवा पर्यावरणीय मायकोबॅक्टेरिया म्हणतात. क्षय प्रामुख्याने रुग्णाच्या खोकल्यातून दुसऱ्या माणसाकडे पसरतो; हे जंतू मात्र बहुधा पाणी व माती यांतून शरीरात येतात आणि माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीत.

अमेरिकेत १९५० च्या दशकात क्षय रुग्णालयांत केलेल्या तपासण्यांतून असे जंतू फुप्फुसाचा रोग निर्माण करतात हे स्पष्ट झाले. अर्नेस्ट रनयन यांनी १९५९ साली वाढीचा वेग आणि रंग यांवरून त्यांचे चार गट पाडले. फुप्फुसाचे जुने विकार, दुबळी झालेली प्रतिकारशक्ती, एचआयव्हीची बाधा अशा स्थितीत हे जंतू अधिक त्रासदायक ठरतात. लवकर वाढणाऱ्या काही जाती शस्त्रक्रियेच्या जखमांत, विशेषतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर, रेंगाळणारे संसर्ग निर्माण करतात. उपकरणे नीट निर्जंतुक न होणे किंवा ती नळाच्या पाण्याने धुणे हे त्याचे एक कारण असते. हे जंतू नळांच्या आतील चिकट थरात टिकून राहतात आणि पिण्याच्या पाण्यातील क्लोरिनलाही बऱ्याच अंशी दाद देत नाहीत.

भारतासारख्या देशात हा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. क्षयरोग सर्रास आढळत असल्यामुळे थुंकीत आम्लरोधी जंतू दिसले की क्षय असे गृहीत धरणे स्वाभाविक असते. पण सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू आणि त्याचे नातलग सारखेच दिसतात. वेगळी ओळख पटवण्यासाठी जंतूंची कृत्रिम वाढ करणे किंवा रेणवीय चाचणी करणे आवश्यक असते. क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी काहींना अनेक पर्यावरणीय जाती दाद देत नाहीत. त्यामुळे चुकीचे निदान झाल्यास रुग्णाला औषधरोधक क्षय झाला आहे असा समज होऊन महिनोन्‌महिने निरुपयोगी औषधे दिली जाण्याचा धोका राहतो. याउलट, पाणी किंवा मातीतून सहज आलेला जंतू एकाच नमुन्यात सापडला म्हणून तोच रोगाचे कारण आहे असेही म्हणता येत नाही. लक्षणे, छातीची प्रतिमा आणि एकाहून अधिक नमुन्यांतील निष्कर्ष एकत्र पाहूनच निर्णय घेतला जातो.

योग्य निदानाअभावी योग्य उपचार मिळत नाहीत, ही अडचण आनंदीबाईंच्या काळी स्त्री रुग्णांपुढे सामाजिक कारणांनी उभी होती. आज ती काही वेळा प्रयोगशाळेच्या मर्यादेमुळे उद्भवते.

मूल्यमापन

आनंदीबाईंनी प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय केला नाही. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोजमाप रुग्णांच्या संख्येत करता येत नाही. त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या कादंबिनी गांगुली यांनी पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. महाराष्ट्रात डॉ. रखमाबाई यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. या सर्वांच्या आधी, घरदार आणि देश सोडून, धर्म न बदलता एकटी स्त्री वैद्यकशास्त्र शिकू शकते, हे आनंदीबाईंनी दाखवले होते.

गोपाळरावांच्या महत्त्वाकांक्षेची त्या केवळ साधन होत्या, असे मत काही काळ मांडले गेले. पुढील काळात त्यांची पत्रे, भाषण आणि प्रबंध यांचा अभ्यास झाल्यावर त्यांच्या स्वतंत्र विचारांकडे लक्ष गेले. बालविवाहासारख्या प्रश्नावर त्यांची काही मते परंपरेला धरून होती. पतीच्या निर्णयांशी असलेली असहमतीही त्यांनी पत्रांतून नोंदवली.

स्मृती

कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र १८८८ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी १९६८ साली प्रकाशित झाली. तिच्या आधारे मराठी नाटकही रंगभूमीवर आले. अंजली कीर्तने यांनी त्यांच्या जीवनावर संशोधनात्मक ग्रंथ लिहिला. समीर विद्वांस दिग्दर्शित आनंदी गोपाळ हा मराठी चित्रपट २०१९ साली प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पुण्यात त्यांचा जन्म झाला आणि पुण्यातच त्यांचा अंत झाला. ज्या रोगाने त्यांचा बळी घेतला त्याचा जंतू त्या विद्यार्थिदशेत असतानाच वैद्यकाला ठाऊक होता, आणि ज्या औषधाने त्या वाचल्या असत्या ते त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे छप्पन्न वर्षांनी हाती आले.